उमेयो रिकाम्या हातांनी गेली, ती गोष्ट

आणि ते पैजेचं आधी खोडून टाक. कोण म्हणालं तुला, उमेयो पैज लावून बेटं हिंडून आली म्हणून? या हिलोत माणूस नुसता शिंकला, तरी बातमी बाजारात पोचेस्तोवर त्याला अंथरुणाला खिळवलेलं असतं. पैज नव्हती नि काही नव्हतं. मी सांगते तसं लिही, आणि मधेमधे प्रश्न घालू नकोस, माझं सूत तुटतं. तिघींनी मला तीन तऱ्हांनी सांगितलंय, त्यातलं खरं ते मी निवडून घेतलंय.

उमेयो हिगा म्हणजे आपल्या वरच्या गल्लीतली, अंदागीचे गोड गोळे तळते ती. साखर कारखाना चालू होता तेव्हा ती उसात खुरपायला जायची. ती, चोलेंग, पुआ आणि फिलोमेना, अशी चौघींची टोळी. उमेयोचा बाप ओकिनावाहून आलेला, चोलेंगचा फिलिपीन्सहून, फिलोमेनाची माणसं पोर्तुगीज, आणि पुआ तर इथलीच, या मातीतली. चार घरचे चार देव, पण दुपारी बांधावर डबे उघडले की सगळ्यांचं सगळ्यांत. फिलोमेनाच्या डब्यात गोड पाव असायचा. तो वाटणीला पुरायचाच नाही. पुरला तर भांडणं कशावरून करायची, म्हणायची पुआ.

आता उसातल्या बायकांत गोल्फ कसं शिरलं? तर कारखान्याच्या साहेबांनी वरच्या अंगाला एक मैदान केलं होतं. कारखाना बुडाला, साहेब गेले, ऊस गेला, मैदान तेवढं राहिलं. एके दिवशी फिलोमेना म्हणाली, "इतकी वर्षं हे लोक वर जाऊन काय कुटत होते, ते बघू तरी चला." कुणाच्या तरी माळ्यावरची जुनी काठी घेऊन गेल्या. उमेयोनं ती हातात तोलली आणि म्हणाली, "अगं, ही तर कुदळीपेक्षा हलकी!" आणि घातला घाव. बॉल जो गेला तो पुन्हा दिसलाच नाही. तेव्हापासून दर गुरुवारी चौघी. आपल्याकडचा पाऊस म्हणजे घरचाच माणूस, त्याच्यासाठी कोण थांबतंय? रबरी बूट चढवून खेळायच्या.

मग फिलोमेनाला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय थोडा माघारी आला, हात नाही आला. लेक लुर्देस तिला आपल्या घरी घेऊन गेली, पार दुसऱ्या टोकाला, कौआई बेटावर. इथं तिघी राहिल्या. गुरुवार काही चुकवला नाही त्यांनी, पण चौथीची जागा कुणाला दिली नाही. पोस्टातून रिटायर झालेला एक बाप्या आशेनं विचारायला आला, "तुमच्यात एक जागा आहे म्हणे?" उमेयो म्हणाली, "आहे. पण तिथलं माणूस परत यायचं आहे." बाप्या गेला.

तर या उमेयोच्या मनात आलं, आपणच जायचं. तिच्या मनात आलं म्हणजे झालंच समज. लग्न असो, मयत असो, तळायला कोण, वाढायला कोण, कुणाची गाडी कुठं लावायची, सगळं तिच्या डोक्यात आधी घडून गेलेलं असतं. आपण नुसतं मागून जायचं. एका गुरुवारी खेळ झाल्यावर तिनं दोघींना स्वयंपाकघरात बसवलं, टेबल पुसलं आणि एक मोठी पपई ठेवली.

"हे आपलं बेट," म्हणाली. पपईच्या पुढं कांदा ठेवला. "हे माउई." मग एक लांबोडकं रताळं. "हे मोलोकाई." त्याच्या पुढं भाताचा टोप. "हे होनोलुलू."

"टोप कशाला गं?" चोलेंगनं विचारलं.

"तिथं सगळे एकात एक शिजतात म्हणून." आणि टेबलाच्या अगदी कडेला, एकटं, एक लिंबू. "आणि हे कौआई. इथनं निघायचं, खेळत खेळत लिंबापर्यंत जायचं, आणि चौथीला घेऊन शेवटचा डाव तिथं. तुम्ही फक्त मोजे घ्या, बाकी मी बघते."

पुआनं रताळ्याला बोट लावलं. "उतरायचं कुठं?"

"माउईत तुझ्या बहिणीकडे. मोलोकाईत चोलेंगच्या चुलतभावाकडे. मैदान छोटं आहे, पण गवत कापायला भाऊच आहे तिथं, तो आपल्यापुरतं बारीक कापून ठेवेल. होनोलुलूत माझा भाऊ. नगरपालिकेच्या मैदानावर पहाटे रांग लावावी लागते, ती तो लावेल. त्याला तसंही झोप येत नाही."

चोलेंगचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे टीव्हीत दाखवतात त्या मैदानांवर नाही जायचं? समुद्राच्या कडेला, ते पांढऱ्या वाळूचं, त्या छोट्या गाड्या..."

"टीव्हीतल्या मैदानावर आपलं कोण आहे? तहान लागली तर पाणी कुणाकडे मागशील?"

पुढची सगळी दुपार गेली ती कुणाला काय न्यायचं यात. खेळाचं दोन शब्दांत आटपलं होतं. पुआच्या बहिणीला आपल्या हिलोच्या कुकी, तिला दुसऱ्या चालत नाहीत. चुलतभावाला सुका ओपेलु मासा, पण तो बाजारातला नको, चोलेंगच्या दिरानं वाळवलेला. उमेयोच्या भावाला माशाच्या वड्या, गुलाबी काठाच्या, पांढऱ्या नेल्या तर तो बोलून दाखवतो. कुणाची सून बाळंत झालीय, कुणाचं घर नवं झालंय, कुणी मागच्या वेळेला काय दिलं होतं आणि त्याच्या तोडीचं काय न्यावं... आपल्यात पाण्यापलीकडे रिकाम्या हातानं कोण जातं? आणि नेलं की घरचं माणूसही आपल्या हातात काही घातल्यावाचून दाराबाहेर पडू देत नाही. ते काय तुला सांगायला हवं? गेल्या खेपेला आपणच नाही का माउईहून तेवढे कांदे ओढत आणले!

सगळं बसल्यावर उमेयोनं कौआईला फोन लावला.

"फिलोमेना, आम्ही येतोय गं. चौथीची जागा तशीच आहे."

"येऊ नका," फिलोमेना म्हणाली.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे. येऊ नका."

उमेयो कसली ऐकतेय? ती आपली सांगत सुटली, माउई, मोलोकाई, भाऊ रांग लावणार, गवत बारीक असणार. शेवटी फिलोमेना बोलली, पण हळू. जिचा आवाज चार बांध ओलांडून जायचा, ती हळू बोलली.

"उमेयो, तू खोकं भरून घेऊन येशील. तू कशी येतेस ते मला ठाऊक नाही का? आणि निघताना मी तुझ्या हातात काय ठेवू? लुर्देसनं दुकानातून आणलेला पाव? प्लास्टिकच्या पिशवीतला? या हाताला चमचा धरवत नाही, पीठ कुठून मळू? मला खाली बघायला लावू नकोस. येऊ नका." आणि फोन ठेवून दिला.

उमेयोनं दोघींना सांगितलं. चोलेंगच्या डोळ्यांत पाणी आलं. उमेयोनं टेबलावरचं लिंबू उचललं, दोन्ही तळव्यांत फिरवत बसली. ती गेली दोन वर्षं त्या एका डावासाठी खेळत होती. मैदानं, बेटं, भाऊ-बहिणी, सगळं निमित्त. फिलोमेना दार लावून बसली तर पपईपासून टोपापर्यंतचं सगळं काय चाटायचंय?

मग लिंबू जागच्या जागी ठेवून म्हणाली, "ठीक आहे. तिच्याकडे रिकाम्या हातांनी जाऊ."

चोलेंग खुर्चीतून उठलीच. "रिकाम्या? काहीच नाही? कुकीसुद्धा नाही?"

"कुकीसुद्धा नाही. आपण दिलं नाही, तर तिला द्यावं लागणार नाही. सरळ आहे."

"अगं पण लोक काय म्हणतील! माझी आई थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे की," पुआ म्हणाली. "तिलाही काठी देऊ."

"हसू नका तुम्ही. आजारी माणसाच्या घरी हात हलवत? मला नाही जमायचं."

"जमेल," उमेयो म्हणाली. "दोन्ही हात खिशात घालायचे. न जमायला काय झालं?"

आणि निघाल्या. माउईवर पुआच्या बहिणीनं त्यांना जेवायला घालून घालून असं जड केलं की पुआला वाकून बॉल उचलेना. मोलोकाईला वारा एवढा, की चोलेंगनं पुढं मारलेला बॉल तिच्या मागं येऊन पडला, आणि चुलतभाऊ म्हणाला, "ताई, तो घरी निघालाय, तुझं काय?" होनोलुलूत भावानं रांग लावली आणि रांगेतच झोपला. मागचे लोक पुढं निघून गेले. उमेयोनं त्याला असं झापलं, की पुढच्या दिवशी तो रात्रीचं जेवण उरकून सरळ मैदानावरच जाऊन बसला. खेळल्या मात्र झकास. उमेयोचा कुदळीचा घाव बघायला होनोलुलूचे म्हातारे आपापला डाव सोडून येऊन उभे राहिले.

आणि परतीचं सामान! माउईचे कांदे, मोलोकाईची रताळी, कुणाचं लोणचं, कुणाचे गोड सारणाचे मांजू, कुणी विणलेली टोपी. नेलेलं एक खोकं संपलं आणि तीन तयार झाली. उमेयोनं ती सगळी भावाच्या घरी रचली. "ही इथंच राहतील. उद्या कौआईला काठ्यांच्या पिशव्या तेवढ्या न्यायच्या. येताना घेऊ." विमानतळावर मिठाईचं दुकान आलं तेव्हा तिची मान आपोआप तिकडं वळली. पुआनं दंडाला धरून पुढं काढली. उमेयो मला म्हणाली, "काय सांगू, हात असे हलके झाले होते, की मी ते कुठंतरी विसरून आलेय असं वाटत होतं."

लुर्देसचं घर डोंगराच्या पायथ्याशी. फिलोमेना ओसरीवर खुर्चीत बसलेली, उजवा हात शालीत झाकलेला. तिघींनी पायरीशी चपला काढल्या. फिलोमेनानं आधी चपला बघितल्या, मग त्यांची तोंडं, मग त्यांचे हात. एकीचे, दुसरीचे, तिसरीचे. पुन्हा पहिलीचे.

"हे काय?" म्हणाली.

"आलो," उमेयो म्हणाली.

"ते दिसतंय. हात?"

"हात आहेत की."

"मारिया माते! अशा आलात? माझ्या दारात? दोन वर्षांनी? लुर्देस, बाहेर ये, बघ! उमेयो हिगा हात हलवत आलीय! ही बाई कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातानासुद्धा वाण्याला मुळा घेऊन जायची. काय गं, हिलोचा बाजार जळाला का? का माउईवाल्यांनी लुटलं तुम्हांला?"

लुर्देस दारात येऊन उभी राहिली. आईचा हा आवाज तिनं या घरात कधी ऐकला नव्हता. उमेयो मनातल्या मनात म्हणाली, जमलं.

आणि जमलंही असतं. पण लुर्देसचं मांजर. ते पायरीवर पडलं होतं, ते उठलं, चोलेंगच्या काठ्यांच्या पिशवीभोवती एक चक्कर मारली, मग दुसरी, मग मागच्या पायांवर उभं राहून पिशवीच्या कप्प्यात तोंडच घातलं. चोलेंग त्याला पायानं सारतेय, "हट् मेल्या, हट्," आणि ते काही हटेना. वारा ओसरीकडं वळला आणि वास आला. आपल्याकडचा वास तो, उन्हात वाळलेल्या ओपेलुचा, लपतोय कुठं?

फिलोमेनाचं नाक वर झालं. "चोलेंग. पिशवीत काय आहे?"

"बॉल," चोलेंग म्हणाली.

"मांजर बॉल खातं?"

चोलेंगला खोटं कधी जमलंच नाही. तिनं कप्पा उघडला आणि पुडकं काढलं, चांगलं जाडजूड, तिच्या दिराच्या हातचं, मोलोकाईला द्यायच्या पुडक्यातून बाजूला काढलेलं. "मला नाही राहवलं गं," म्हणून रडायलाच लागली. "द्यायचं नव्हतंच मला. नुसतं जवळ असावं म्हणून आणलं."

फिलोमेनानं उमेयोकडं पाहिलं, आणि मघाचा तो आवाज कुठल्या कुठं गेला.

"म्हणजे तू सांगितलं होतंस हिला, आणायचं नाही म्हणून."

"तूच म्हणालीस ना, की..."

"मी म्हणाले, येऊ नका. तो माझा हट्ट. रिकाम्या या, असं म्हणाले मी? फिलोमेनाच्या घरातून आता काही बाहेर यायचं नाही, हे तू ठरवलंस. तिकडं तुझ्या स्वयंपाकघरात बसून ठरवलंस. मी मेल्यावर ठरवायचं ते तू आत्ताच उरकलंस की गं."

उमेयो उभी होती तशी राहिली. त्या बाईच्या डोक्यात पुढचं घडून गेलेलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. डोक्यात काहीच नाही, आणि हातांतही काही नाही. दुपारचा डाव ठरलेला होता, मैदानावर वेळ घेतलेली होती, तेही तिला आठवेना. मग ती पायरीवर खाली बसली, फिलोमेनाच्या पायांशी, आणि म्हणाली, "चुकलं माझं. तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं?"

"तू म्हणशील तसं."

फिलोमेनानं एकदा मांजराकडं पाहिलं. मग डावा हात पुढं केला. "आण तो मासा इकडं."

चोलेंगनं दिला. फिलोमेनानं वास घेतला, मांडीवर ठेवला, मांजराला एक शेपूट मोडून दिलं. "तुझ्या दिरानं मीठ अजून जास्तच घातलंय. लुर्देस, पीठ काढ. अंडी काढ. लिंबू कुठंय? उमेयो, हात दाखव."

उमेयोनं हात दाखवले. फिलोमेनानं ते आपल्या एका हातानं उलटे केले, सुलटे केले. "कुदळीचेच आहेत अजून. चालतील. ऊठ."

"अगं, पण दुपारचा डाव..." पुआ म्हणाली.

"डाव उद्या. पीठ आज. घेतल्याची परतफेड केल्याशिवाय माझ्या घरातून कुणी हलायचं नाही."

मग त्या स्वयंपाकघरात जे काय झालं! फिलोमेना खुर्चीवर, टेबलाच्या मानाच्या जागी. उमेयो पिठात कोपरापर्यंत. "दाबून मळ. दाबून! हे अंदागी नाही, तेलात सोडून मोकळं व्हायला. खालून घे, दुमड, ढकल. उसात काम केलंस ना गं तू, का नुसती सावलीत बसायचीस? चोलेंग, रडायचं असेल तर त्या बाजूला, पिठात मीठ पुरे आहे. पुआ, लिंबाची साल किस, हिरवी तेवढीच, पांढरं आलं तर बोटं तोडेन." पीठ फुगायला ठेवलं की उमेयो दर थोड्या वेळानं फडकं उचलून बघायची, आणि फिलोमेना तिच्या हातावर चापट मारायची. "त्याला त्याचं काम करू दे. सगळंच काय तू ठरवणार?" उमेयो हसली. लुर्देस म्हणाली, आईची चापट बघून तिला दारामागं जाऊन डोळे पुसावे लागले.

पाव निघाले तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं. फिलोमेनानं पहिला उचलायला लावला, खालून टकटक वाजवून बघितला, आणि डाव्या हातानं उमेयोच्या हातात ठेवला. "घे. हात तुझे, पाव माझा. हे माशाचं."

उमेयो म्हणाली, "माशाच्या मानानं जास्त झालं गं. आता मला पुन्हा आणावं लागेल."

"मग? मी काय म्हणतेय?"

दुसऱ्या दिवशी चौघी मैदानावर. कौआईचा पाऊसही आपल्यासारखाच, जिभेवर मावेल एवढा पडला आणि गेला. फिलोमेना छोट्या गाडीत बसून, म्हणजे चोलेंगला अखेर तिची गाडी मिळाली. लांबचे घाव तिघींनी घातले, आणि होलच्या जवळचं, ते हलक्या हातानं ढकलायचं काम फिलोमेनाचं. एका हातात आखूड काठी, पुआच्या खांद्याला टेकून. पहिला ढकलला तो गेला भलतीकडंच. "जमीन वाकडी आहे," म्हणाली. दुसराही गेला. "बॉल वाकडा आहे." पुआ म्हणाली, "आता तिसऱ्याला आभाळ वाकडं." आणि तो तिसरा असा सरळ गेला आत, टुपकन, की चौघींनी मिळून केलेली ओरड ऐकून पलीकडच्या होलवरचे लोक कुणाला लागलं का बघायला धावत आले. त्यांनाही पाव दिला. हिशेबात किती घाव झाले ते उमेयो मला सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, "आम्ही जिंकलो." कुणाविरुद्ध, ते देवाला ठाऊक.

आणि आता टेबलावर पुन्हा पपई मांडलीय बाईनं. या खेपेला लिंबापासून सुरुवात आहे म्हणे. चोलेंगचा दीर मासे वाळवायला लागलासुद्धा.

बस, एवढंच. आता असं कर, संध्याकाळी जाताना उमेयोच्या दारावरून जा. त्या पावाचा अर्धा भाग तिनं ज्या ताटलीत घालून मला पाठवला होता, ती निळ्या काठाची ताटली बघ, फळीवर आहे. ती तिला दे. रिकामी नको देऊस, नाहीतर मीच गोष्टीत सापडेन. मागच्या झाडाच्या लिची घाल भरून. आणि तिला माझा निरोप दे, पाव फिलोमेनाचाच लागला. सालीत पांढरं आलं होतं थोडं, ते पुआला सांग म्हणावं.